गावच्या बांधकामावरील सुरक्षितता : मजूर, मिस्त्री आणि ग्रामपंचायत यांचे शिक्षण

बांधकाम म्हटले की मुंबई-पुण्याच्या उंच इमारती, मोठमोठी धरणे आणि महामार्ग डोळ्यांसमोर येतात. परंतु वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावातही पावसाळा सरला की बांधकामाचा हंगाम सुरू होतो. घरकुले, सिंचन विहिरी, शाळेच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या, सिमेंट नाला बांध, गावातील गटारे आणि रस्ते अशी कामे पुढच्या पावसापर्यंत चालू असतात. या कामांवर पाचसहा माणसे असतात : एक मिस्त्री, एकदोन गवंडी, घमेली वाहणाऱ्या स्त्रिया आणि शेतीचे काम नसल्यामुळे आलेले चारदोन तरुण. शहरातील कामावर निदान सुरक्षेचा फलक तरी असतो. गावच्या कामावर तोही नसतो. मात्र उंची, वजन, वीज आणि माती यांचे नियम दोन्हीकडे सारखेच आहेत.

कामावर माणूस पडला किंवा मातीखाली सापडला की "त्याचे नशीब" असे म्हणून विषय संपविण्याची सवय समाजाला लागली आहे. प्रत्यक्षात बांधकामावरील बहुतेक अपघातांची कारणे ठाऊक आहेत, त्यांचे उपायही ठाऊक आहेत आणि त्यांतील पुष्कळसे उपाय अल्पखर्चाचे आहेत. उणीव असते ती शिक्षणाची आणि देखरेखीची. जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सुरक्षित व आरोग्यदायी कार्यस्थळ हा कामगाराचा मूलभूत हक्क म्हणून मान्य केला. हा हक्क गावातील बिगाऱ्यापर्यंत कसा पोहोचेल, हा या लेखाचा विषय आहे.

दोन दुर्घटना आणि त्यांचे धडे

२९ जून २०१९ रोजी पुण्यातील कोंढवा भागात जोरदार पावसानंतर एक संरक्षक भिंत कोसळली. भिंतीच्या पायथ्याशी, नव्या बांधकामालगत, मजुरांच्या झोपड्या होत्या. लहान मुलांसह १५ जणांचा मृत्यू झाला. त्या वेळी ही माणसे कामावर नव्हती, ती झोपलेली होती. मजूर कोठे राहतो, कोठे झोपतो आणि त्याची मुले कोठे खेळतात, हाही बांधकामाच्या सुरक्षिततेचाच भाग आहे, हा या दुर्घटनेचा पहिला धडा होय. ओल्या मातीचा दाब वाढतो आणि पाण्याला निचरा नसलेली भिंत तो दाब पेलू शकत नाही, हा दुसरा.

वाशिम जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावरच, परंतु ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात सरळांबे येथे, ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर पुलाची तुळई बसविणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० जणांना प्राण गमवावे लागले. उचलल्या जाणाऱ्या वजनाखाली किंवा त्याच्या पडण्याच्या टप्प्यात माणूस नसावा, हे अशा कामाचे मूळ सूत्र आहे. गावात तुळई उचलणारे यंत्र येत नाही, पण विहिरीवर गाळ आणि दगड उपसणारी यारी येतेच. यारीचा दोर तुटला तर खाली उभ्या असलेल्या माणसाला पळायला जागा नसते. यंत्राचा आकार बदलला, तरी सूत्र तेच राहते.

कायदा कोठपर्यंत पोहोचतो

इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी संसदेने १९९६ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. त्याच वर्षीच्या उपकर अधिनियमान्वये बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेऊन त्यातून कामगार कल्याणाच्या योजना चालविण्याची व्यवस्था झाली. महाराष्ट्राने २००७ मध्ये नियम केले आणि कल्याणकारी मंडळाच्या द्वारे कामगारांची नोंदणी सुरू झाली. १८ ते ६० वर्षे वयाच्या आणि मागील बारा महिन्यांत ९० दिवस बांधकाम केलेल्या कामगाराला नोंदणी करता येते. सुरक्षेबाबतच्या तरतुदी आता व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाल्या असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. मोठ्या बांधकामांवर सुरक्षा अधिकारी नेमण्याची तरतूद तीत आहे. तात्काळ आणि गंभीर धोका दिसल्यास तो मालकाच्या निदर्शनास आणण्याचा कामगाराचा अधिकारही तीत मान्य केला आहे.

येथे एक गोष्ट पंचायत सदस्यांनी नीट लक्षात घेतली पाहिजे. बांधकामाबाबतचा हा कायदा, पूर्वीचा असो वा आताचा, मुख्यतः दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कामांना लागू होतो. गावातील घरकुलावर किंवा विहिरीवर पाचसहा माणसे असतात. म्हणजे जेथे शिक्षण कमी, साधने कमी आणि दवाखाना दूर, तेथेच कायद्याचा हातही आखूड पडतो. ही पोकळी ग्रामपंचायत, कामाचा मालक आणि मिस्त्री यांनीच भरून काढावयाची आहे.

कल्याणकारी मंडळाने नोंदीत कामगारांना सुरक्षा संच दिले आहेत. त्यात शिरस्त्राण, पट्टा, बूट आदी वस्तू असतात. तथापि पुष्कळ घरांतून हे संच पेटीतच राहतात. टोपीने ऊन लागते, पट्ट्याने हात अडखळतो, बुटाने पाय घसरतो, अशी कारणे कामगार सांगतात. साधन मिळाले, परंतु ते कसे बांधावे, कोठे अडकवावे आणि केव्हा टाकून द्यावे हे कोणी करून दाखविले नाही, असा याचा अर्थ आहे. साधनाच्या वाटपाबरोबर शिक्षण गेले नाही तर खर्च वाया जातो.

पहिला पाठ : माती आणि विहीर

काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसून तिला भेगा पडतात. उन्हाळ्यात उभा कापलेला चर भिंतीसारखा ताठ दिसतो, म्हणून मजूर निर्धास्त होतो. एका अवकाळी पावसाने तीच कड क्षणात ढासळते. एक घनमीटर माती दीड ते दोन टन वजनाची असते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस तोंड उघडे असूनही श्वास घेऊ शकत नाही, कारण छाती फुलायला जागाच उरत नाही.

म्हणून दीड मीटरपेक्षा खोल चर उतार देऊनच खणावा किंवा फळ्या व टेकू लावून त्याच्या बाजू आवळाव्यात. उपसलेली माती काठावर रचू नये. ती काठापासून किमान दीड मीटर, आणि चर खोल असल्यास खोलीच्या निम्म्या अंतरावर टाकावी. ट्रॅक्टर काठाजवळ आणू नये. लांब चरात दर पंधरा मीटरवर शिडी असावी आणि ती काठाच्या वर एक मीटर यावी. पावसानंतर आणि दररोज सकाळी मिस्त्रीने भेगा पाहिल्याशिवाय कोणीही खाली उतरू नये.

विहिरीत मातीखेरीज आणखी एक शत्रू असतो : वाईट हवा. जुन्या, बंद पडलेल्या किंवा कचरा कुजलेल्या विहिरीत प्राणवायू कमी होतो आणि जड वायू तळाशी साठतो. दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायू कमी असल्याचे काही प्रमाणात सांगते, पण तीवर विसंबून चालत नाही. शेण किंवा मळी कुजलेल्या जागी ज्वालाग्राही वायू असतो आणि तेथे दिव्यानेच स्फोट होईल. शिवाय डिझेल इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नाही, रंग नाही, आणि तो असताना दिवा विझतही नाही. म्हणून पाणी उपसण्यासाठी इंजिन विहिरीत कधीही उतरवू नये. सुरुंगानंतर धूर पूर्ण निघून जाईपर्यंत थांबावे. पंख्याने नळीवाटे तळापर्यंत ताजी हवा सोडावी. खाली उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा व दोर बांधलेला असावा आणि दोराचे दुसरे टोक वर, सतत लक्ष ठेवणाऱ्या माणसांच्या हाती असावे.

९ एप्रिल २०२४ रोजी अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातील वाकडी येथे शेणाची मळी साठविलेल्या जुन्या विहिरीत पडलेल्या मांजराला वाचविण्यासाठी एक जण उतरला. त्याला वाचविण्यासाठी दुसरा, मग तिसरा, असे एकामागून एक सारे उतरत गेले आणि पाच जण दगावले. अंगाला दोर बांधून उतरलेला एक जण तेवढा वाचला. ते बांधकाम नव्हते, परंतु विहिरीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रसंग सांगितला पाहिजे. बेशुद्ध माणसामागे धावून उतरणे हे धैर्य खरे, पण त्याने मृतांची संख्या वाढते. वरून ओढून काढता येईल अशी तयारी उतरण्यापूर्वी करणे, हाच खरा बचाव होय.

दुसरा पाठ : उंची

तीन मीटर, म्हणजे एका मजल्याच्या उंचीवरून पडलेला माणूस पाऊण सेकंदात जमिनीवर आदळतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे २७ किलोमीटर असतो. शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांना हे गणित मुलांकडून सोडवून घेता येईल. तोल सावरायला पाऊण सेकंद पुरत नाही, म्हणून बंदोबस्त पडण्यापूर्वीच करावा लागतो.

परांचीच्या बल्ल्या किडलेल्या, चिरलेल्या किंवा गाठाळ नसाव्यात. त्यांचे पाय मऊ मातीत न रोवता लाकडी पाटावर टेकवावेत. परांची भिंतीला ठिकठिकाणी बांधून घ्यावी. पायाखालच्या फळ्या सलग आणि दोरीने आवळलेल्या असाव्यात. एक सुटी फळी म्हणजे एक सापळाच होय. बाहेरच्या बाजूस कमरेच्या उंचीचा, साधारण एक मीटरचा आडवा कठडा आणि विटा खाली घसरू नयेत म्हणून पायाशी उभी पट्टी लावावी. शिडी चार फूट उंचीला एक फूट, या प्रमाणात भिंतीपासून दूर टेकवावी आणि वरच्या टोकास बांधावी.

सुरक्षा पट्टा कोठे अडकविला आहे यावर त्याचा सर्व उपयोग अवलंबून असतो. परांचीच्याच बांबूला अडकविलेला पट्टा परांचीबरोबर खाली येतो. पक्क्या तुळईला किंवा त्यासाठी मुद्दाम बांधलेल्या आधाराला तो अडकवावा आणि शक्यतो डोक्याच्या वरच्या पातळीवर अडकवावा.

तिसरा पाठ : स्लॅब आणि वीज

घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरले जाते. एवढ्या क्षेत्रावर साडेबारा सेंटिमीटर जाडीचा स्लॅब टाकला, तर त्याचे वजन साडेसात टनांहून अधिक होते. काँक्रीट घट्ट होईपर्यंत हे सारे ओझे सेंटरिंगच्या टेकूंवर असते, आणि स्लॅब टाकताना वर माणसेही असतात. टेकू सरळ, ओळंब्यात आणि घट्ट जमिनीवर असावेत. विटांच्या चळतीवर टेकू उभा करणे ही गावातील घातक रीत बंद झाली पाहिजे. स्लॅब चालू असताना खाली कोणी थांबू नये आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये.

सेंटरिंगच्या फळ्या दुसऱ्या कामासाठी हव्या असतात, म्हणून ती लवकर काढण्याची घाई होते. भारतीय मानकानुसार, साध्या पोर्टलँड सिमेंटच्या बाबतीत, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस काढू नयेत. सहा मीटरपर्यंतच्या तुळईखालील टेकू १४ दिवस आणि त्यापेक्षा लांब तुळईखालील २१ दिवस ठेवावेत. राखमिश्रित सिमेंट वापरले असल्यास मुदत वाढवावी, कारण ते सावकाश घट्ट होते. ही मुदत कामावर खडूने लिहून ठेवली, तर वाद उरत नाही.

विजेचे अपघात मुख्यतः दोन प्रकारे होतात. पहिला, उघड्या किंवा सोललेल्या वायरीवर पाणी पडून. व्हायब्रेटर, मिक्सर, पंप या यंत्रांना भूजोडणी असावी आणि ३० मिलिअँपिअर गळतीला प्रवाह तोडणारे स्वयंचलित साधन त्यांच्या पुरवठ्यावर बसवावे. आकडा टाकून वीज घेतलेल्या कामावर यांपैकी काहीच नसते. दुसरा, घरावरून जाणाऱ्या तारेला सळई किंवा लोखंडी शिडी लागून. काम सुरू करण्यापूर्वी मान वर करून पाहणे हा यावरील पहिला उपाय होय. तार जवळ असल्यास वीज कंपनीस लेखी कळवून ती हलविल्याखेरीज किंवा पुरवठा बंद केल्याखेरीज वरचा मजला चढवू नये.

चौथा पाठ : ऊन, सिमेंट आणि धूळ

विदर्भाचा उन्हाळा हाही बांधकामावरील धोका आहे. एप्रिल-मे महिन्यांत जड कामे सकाळी लवकर आणि संध्याकाळी घ्यावीत. पिण्याचे पाणी आणि सावली यांची सोय कामावरच असावी. माणूस असंबद्ध बोलू लागला, भोवळ येऊन पडला, अंग तापले, तर तो थकवा समजू नये. त्यास सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा आणि तातडीने दवाखान्यात न्यावे. ओल्या सिमेंटमधील क्षार कातडी जाळतो, म्हणून हातमोजे वापरावेत आणि डोळ्यांत सिमेंट गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत. दगड फोडताना आणि फरशी कापताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात साठून असाध्य विकार जडवते. अशा वेळी पाणी मारून कापणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

शिक्षण कसे द्यावे

बांधकामावरील पुष्कळ कामगारांचे शालेय शिक्षण अपुरे असते, पण त्यांची निरीक्षणशक्ती तीक्ष्ण असते. व्याख्यान ऐकून ते विसरतात. हाताने केलेले मात्र लक्षात राहते. म्हणून शिक्षण कामाच्या जागीच, त्यांच्याच बोलीत आणि करून दाखवूनच द्यावे. दररोज काम सुरू करण्यापूर्वी मिस्त्रीने दहा मिनिटे सर्वांना एकत्र घ्यावे. आज कोणते काम आहे, त्यात धोका कोणता, तो टाळण्यासाठी काय केले आहे आणि कोणाला काही शंका आहे का, एवढे चार प्रश्न पुरेत. नव्याने आलेल्या तरुणाला पहिला दिवस जुन्या गवंड्याच्या जोडीला द्यावा. सर्वाधिक धोका त्यालाच असतो, कारण त्याला विचारायचा संकोच वाटतो.

पर्यवेक्षकाचे शिक्षण याहून महत्त्वाचे. मजूर मिस्त्रीचे शब्द ऐकत नाही, त्याची कृती पाहतो. जो मिस्त्री स्वतः शिरस्त्राण घालत नाही, त्याच्या कामावर कोणीही घालणार नाही. "काम थांबवा" म्हणणाऱ्या मजुराची मजुरी कापली जाणार नाही, ही हमी मिस्त्रीने पहिल्याच दिवशी दिली पाहिजे. स्त्री कामगारांना या बैठकीतून वगळू नये. घमेले घेऊन शिडी चढणारी तीच असते आणि तिचे मूल सळ्यांच्या ढिगाजवळ झोपलेले असते. त्या मुलासाठी अंगणवाडीची किंवा सावलीतील वेगळ्या जागेची व्यवस्था करणे हा सुरक्षेचाच भाग आहे.

ग्रामपंचायतीचे काम

ग्रामपंचायत ही गावातील पुष्कळ कामांची स्वतः मालक असते. त्यामुळे तिच्या हाती मोठे साधन आहे. अंदाजपत्रक करतानाच परांची, टेकू, कठडे आणि सुरक्षा साधने यांचा खर्च वेगळा दाखवावा, म्हणजे स्वस्त निविदेच्या नावाखाली तो गाळला जाणार नाही. कार्यादेशात सुरक्षेच्या अटी लिहाव्यात आणि देयक देण्यापूर्वी त्या पाळल्या की नाही ते पाहावे. मजबूत दोर, पट्टे, हवा सोडण्याचा पंखा आणि दोन चांगल्या शिड्या असा एक सामाईक संच ग्रामपंचायतीने ठेवला, तर घरकुल बांधणाऱ्या किंवा विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यालाही तो वापरता येईल. कामगारांची नोंदणी वेळेवर व्हावी म्हणून ९० दिवसांचे प्रमाणपत्र देताना खऱ्या कामगाराला हेलपाटे घालावे लागू नयेत आणि खोट्या नावांना थारा मिळू नये.

अपघात झालाच तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पाठीला मार लागलेल्या माणसास खाटेवर किंवा दुचाकीवर घालून नेण्याची घाई करू नये. नंतर पोलिसांत आणि संबंधित कार्यालयात नोंद करावी. भरपाईचे तत्त्व आपल्या देशात १९२३ च्या कायद्यापासून मान्य आहे आणि आता ते सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहे. परंतु हजेरीपटावर नावच नसेल तर विधवेचा हक्क सिद्ध करणे फार कठीण होते. म्हणून हजेरीपट हाही सुरक्षेचाच कागद समजला पाहिजे. थोडक्यात चुकलेल्या अपघाताचीही चर्चा करावी. सुटलेली वीट कोणाला लागली नाही, एवढ्यावर समाधान मानले तर पुढची वीट लागते.

दरवर्षी ४ मार्च हा दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. कारखान्यांतून त्या दिवशी शपथ घेतली जाते. ग्रामसभेनेही त्या सुमारास गावातील मिस्त्री, गवंडी आणि विहिरी खणणारे यांना एकत्र बोलावून परांची बांधण्याचे आणि दोराने माणूस वर काढण्याचे प्रात्यक्षिक घ्यावे. उन्हाळ्यातील कामे जोरात असण्याचा तोच काळ असतो. रिठद असो वा अन्य कोणते गाव, तेथे उभ्या राहणाऱ्या प्रत्येक घराला कोणाच्या तरी हातांचा आधार असतो. घर पूर्ण होईल त्या दिवशी ते सर्व हात धडधाकट असावेत. तसे झाले तरच काम खऱ्या अर्थाने पूर्ण झाले असे म्हणता येईल.